एकोणीस पिल्लांची उष्टावण

३५ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, तेव्हा गावानं मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुतण्यानं दोन डुकरिणी दिल्या. दिल्या म्हणजे, माझ्याच फंडाच्या पैशातून आणल्या. "काका, बँकेत ठेवून पैशाला काय पिल्लं होणार हायत का?" हा त्याचा बिनतोड मुद्दा होता. चक्रवाढ व्याजाचा धडा त्याच्या वर्गाला मीच शिकवला होता. त्या दिवशी तो गैरहजर असावा.

ह्या धंद्याला सरकारी कागदावर वराहपालन म्हणतात आणि करणाऱ्याला गावात 'डुकरंवाले गुरुजी'. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाखांचं अनुदान असल्याचं पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं. आमच्याकडं २ माद्या आणि १ नर. मी तिथंच त्रैराशिक मांडलं: आमच्या वाट्याला ६० हजार येतात, आणि नर एक पंचमांश पुरला असता. पुतण्या म्हणाला, असं मिळत नसतं. विष्णूनं वराह अवतार घेतला तेव्हा शेड कुठं बांधायची हा प्रश्न त्याला पडला नसेल. आम्हाला मात्र महिनाभर वाऱ्याची दिशा बघून गावाच्या खालच्या अंगाला जागा धरावी लागली.

आमचा मुलूख तसा जनावरांच्या बाबतीत फार मानी. गाईबैलांच्या जातीला तालुक्याचं नाव देणारी माणसं आम्ही. तिकडं लातुरात देवणी, इकडं नांदेडात लाल कंधारी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे, उंटांचे, गाढवांचे भाव ठरतात, कुत्र्या-कोंबड्यांनासुद्धा प्रदर्शनात नंबर मिळतो. डुकराला तिथंही जागा नाही. 'फँड्री' सिनेमा बघून आम्ही सगळे हळहळत घरी आलो, कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर हेही शिकलो, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत डुक्कर दिसल्यावर दगड शोधला. कैकाड्याच्या पोरानं केलं तर 'डुकरं राखणं' आणि गुरुजीच्या पुतण्यानं केलं तर 'प्रकल्प', हे मलाही शेडवर पत्रे चढल्यावरच कळलं.

डुकरिणीचं गणित मात्र मास्तरला आवडावं असं. ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस, म्हणजे ११४ दिवसांच्या आसपास ती विते. मेच्या पहिल्या आठवड्यात एकीला ९ झाली, दोन दिवसांनी दुसरीला १०. मी हजेरीपुस्तक सुरू केलं. पारा ४२ वर, आणि डुकराला माणसासारखा घाम येत नाही, म्हणून ओली पोती टाकत बसलो. व्यायलेली मादी दिवसाला २५-३० लिटर पाणी सहज पिते, हे मी घरी बोलून गेलो. आमच्या मंडळींचं माहेर लातूर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूर. ती पाहुण्यालासुद्धा अर्धाच तांब्या देते. "तुमच्या बाळंतिणींना घागर मोजून देत जा," एवढंच म्हणाली. शेडवर ती कधी येत नसे, आणि शेडवरचे माझे कपडे दाराच्या आत येत नसत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले, कामाला चोख. म्हणाले, "पिल्लांना लोह कमी पडतं." मी म्हणालो, "साहेब, आपण बसलोय कुठं? लोह्यात!" ते हसले नाहीत. लोहा तालुक्यात औषधाची पेटी घेऊन फिरणाऱ्या माणसानं हा विनोद आठवड्यातून किती वेळा ऐकला असेल, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पिल्लू जन्मताना अंगात लोहाची शिल्लक थोडी घेऊन येतं, आणि आईच्या दुधात ते नसल्यातच जमा. मोकळी पिल्लं माती चघळून भागवतात, आमच्या सिमेंटच्या कोब्यावर माती कुठली? म्हणून इंजेक्शन. दीड किलोच्या जिवातून निघालेला तो आवाज ऐकून रस्त्यावरची एसटी थांबली होती, असं पुतण्या सांगतो. ती विनंती थांब्यावर थांबली असणार.

दूध पिण्याची त्यांची शिस्त बघून मला माझ्या नोकरीची लाज वाटली. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरतो. धट्टीकट्टी पुढचे, दुधाळ सड धरतात, मरतुकडी मागच्या बाकावर. दर तासाभरानं आई घुरघुरते, की सगळी आपापल्या जागी हजर. दूध उतरतं जेमतेम वीस सेकंद. जागा चुकली तर तेवढ्यात तास संपतो. मला सातवी 'ब'मध्ये जागा ठरवून द्यायला दिवाळी उजाडायची.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी वरचं खायला सुरू करायला सांगितलं. म्हणजे आपल्याकडं उष्टावण म्हणतात तेच. एका कोपऱ्याला असा अडसर लावायचा की पिल्लू आत जाईल, आई नाही. आत परातीत मक्याचा बारीक भरडा, सोयापेंड, किंचित क्षारमिश्रण आणि गूळ. गुळाची सूचना घरातून आली होती, "पहिला घास गोड असतो" म्हणून. उष्टावणीला मामानं खीर भरवायची रीत. ह्यांचा मामा कोण, असं मी पुतण्याला विचारलं, तर तो नुसता माझ्याकडं बघत राहिला.

एकोणीस भाच्यांनी परातीत बसून घेतलं. एक झोपलं. एकानं त्यात विधी उरकला. खाल्लं कुणीच नाही. चार दिवस हे पाहून मी हिशेब केला, रोज अर्धा किलो खुराक मातीत चाललाय, आणि उष्टावण बंद केली. पुढच्या सगळ्या महाभारताचं आदिपर्व ते हेच.

जूनच्या मध्यात, ४२व्या दिवशी, दूध तोडायचं ठरलं. जुनी माणसं आठ आठवडे पाजू देत, मोठ्या फार्मवर चार आठवड्यांतच तोडतात, आम्ही मधला मार्ग धरला. योगायोग असा, की त्याच दिवशी आमची नात अकरावीला लातूरला निघाली. डॉक्टर व्हायचंय. क्लास नांदेडलाही आहेत, मी तसं सुचवून पाहिलं. पण मंडळींच्या माहेराशी वाद घालण्यात मी कधी जिंकलेलो नाही. सकाळी नातीची वळकटी आणि पाण्याचा जार गाडीत चढवला, दुपारी एकोणीस पिल्लं पोत्यात घालून नव्या खोलीत सोडली.

दोन्ही आयांची पिल्लं मी एकत्रच ठेवली. दोन तुकड्या एका वर्गात कोंबल्यावर काय होतं, हे ३५ वर्षं पाहिलेल्या माणसानं हे केलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्यांचे कान रक्ताळले. रात्री एकीकडून आया ओरडत होत्या, दुसरीकडून पिल्लं, आणि घरी मंडळी काहीच बोलत नव्हत्या. तिन्हींत ते तिसरं सगळ्यांत जड गेलं.

पहिला दिवस पिल्लांनी उपोषण केलं. दुसऱ्या दिवशी टप भरून ठेवला, तर आत उतरून खाल्लं. आता टपात काय होतं ते सांगतो. घरात चार पोती सोयाबीन पडून होतं. पेंड शेवटी सोयाबीनचीच असते, मग विकतची कशाला आणायची, म्हणून मी घरचं कच्चं सोयाबीन गिरणीतून भरडून आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे शेडचं दार उघडलं, आणि उभ्या उभ्या बंद केलं. हगवण! कोबा पिवळा, पिल्लं भिजून एकमेकांवर चढून थरथरतायत, बाहेर मृगाचा पाऊस. तेवढ्यात फोन वाजला. नात होती. "आबा, आजीला द्या. मेसचं खाऊन पोट बिघडलंय."

डॉक्टर येईपर्यंत वस्तीवरचे आप्पा आले. त्यांची सगळी हयात डुकरांत गेलेली. जाळीशी उकिडवे बसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "गुरुजी, पिल्लं कामून हलवली? माय हलवायची अस्ती." मी विचारलं, फरक काय पडतो? "माय गेली ते एक दुःख पुरं की लेकराला. तुम्ही जागा बी काढून घेतली, अन् वरून परकी पोरं अंगावर घातली." बी.एड.ला बाल-मानसशास्त्राचा पेपर मी ५८ मार्कांनी पास झालो होतो. त्यात हे नव्हतं.

राहिलेली शिकवणी डॉक्टरांनी घेतली. पिल्लाचं पोट दूध पचवायला तरबेज असतं, दाणा पचवायला ते हळूहळू शिकतं, म्हणून ती उष्टावण. एक दिवस उपाशी राहून दुसऱ्या दिवशी आधाशासारखं खाल्लं, की न पचलेलं आतड्यात सडतं आणि जंतूंची जत्रा भरते. कच्च्या सोयाबीनमध्ये तर प्रथिनं पचूच न देणारा घटक असतो, पेंड तयार होताना तो उष्णतेनं मोडतो. "गुरुजी, तुम्ही पेपर न शिकवता परीक्षा घेतली," असं म्हणून त्यांनी इंजेक्शनं भरली. डुकरांच्या तापाची लस पुढं ढकलली, आजारी पिल्लाला ती टोचत नाहीत.

मग दहा दिवस आमच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. दोन तुकड्या वेगळ्या केल्या. खाली कोरडा भुसा, वर पिवळा बल्ब. पाण्यात जलसंजीवनी, आणि पाण्याची निपल थोडी थेंबथेंब गळती ठेवायची, म्हणजे पिल्लाला पाणी कुठं आहे ते कळतं. खुराक दिवसातून सहा वेळा, मूठ मूठच, टप चाटून झाल्यावर पुढची मूठ. रात्री दोनची मूठ माझी. पाचव्या रात्री मी शेडवर गेलो, तर बल्बखाली मंडळी बसलेल्या. मांडीवर टॉवेलात एक पिल्लू. "चार लेकरांचं दूध तोडलंय मी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "कोरफड लावायच्या आधी सहा महिने मऊभात भरवलाय एकेकाला. तुम्ही तेव्हा शाळेत होतात." हजेरीतला १७ नंबर होता तो. सकाळी गेला. बाकीचे १८ उठले.

ह्या दिवसांत माझ्या आयांनी मात्र मला चकित केलं. दोन रात्री गाव डोक्यावर घेतलेल्या त्या दोघी पाचव्या दिवशी माजावर आल्या आणि भिंतीपलीकडच्या नराकडं कान टवकारून उभ्या राहिल्या. हे त्यांच्यात ठरलेलंच असतं म्हणे, दूध तुटल्यावर आठवड्याच्या आत. मी हे कौतुकानं घरी सांगितलं, तेव्हा मंडळी त्या दिवशीचा तिसरा फोन होस्टेलला लावत होत्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की विषय तिथंच थांबला.

मोठ्या डुकरांसाठी पुतण्या नांदेडच्या क्लासवाल्या पोरांच्या एका मेसमधून उरलेलं आणतो. ते दणकून उकळल्याशिवाय द्यायचं नाही, कारण २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाईन फीवर फिरतोय, आणि तो शिजवायच्या आळसातूनही पसरतो. मला त्या ड्रमांचा नाद लागलाय. एरवी दोन भरतात. तिसरा आला की समजावं, पोरांची टेस्ट झाली आणि मार्क लागले. अख्ख्या पोळ्या असतात त्यात, एकेक घास मोडलेल्या.

लातूरच्या मेसची टेस्ट कधी असते, हे आता मंडळींना पाठ आहे. त्या दिवशी लोह्याहून सकाळच्या एसटीनं डबा जातो. परवा तिनं रात्री बसून सातूचं पीठ केलं, गूळ घालून. त्याच बैठकीत पिल्लांच्या भरड्यातही गूळ कालवला. दोन सारखे प्लास्टिकचे डबे भरले, घोटाळा नको म्हणून दोन्हींवर कागद चिकटवले. एक मी शेडवर टाकायचा, दुसरा कंडक्टरच्या हाती द्यायचा. स्टँडवर पोहोचून पिशवी उघडली. दोन्ही कागदांवर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पिल्लांसाठी'.

कंडक्टरनं घंटी मारली. मी दोन्ही डब्यांतली चिमूट तोंडात टाकून बघितली. दोन्ही गोड होत्या.