खिशातून निघालेली परंपरा

कार्डिफमध्ये वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयासमोर गॉर्सेद गार्डन्स नावाची बाग आहे. तिच्या हिरवळीवर उभ्या दगडांचे एक रिंगण आहे. परगावचा माणूस ते पाहून आपोआप आवाज खाली आणतो आणि मनाशी हिशेब करतो, की चार हजार वर्षे तरी कुठे गेली नाहीत. रिंगण १८९९ सालचे आहे. त्या वर्षी आइस्टेद्वोद हा वेल्श काव्य-संगीताचा राष्ट्रीय महोत्सव कार्डिफला भरला, त्यातल्या गॉर्सेद या कवींच्या मंडळाच्या समारंभासाठी हे दगड उभे केले. पुढे १९०५ मध्ये ते उचलून या बागेत बसवले. महोत्सव दरवर्षी गाव बदलतो आणि दीर्घकाळ प्रत्येक यजमान गावात असे रिंगण मागे उरत गेले. कार्डिफच्याच ब्यूट पार्कमध्ये दुसरे आहे, १९७८ चे.

मांडणी ठरलेली असते. कडेने बारा दगड. मधोमध एक आडवा, सपाट दगड, त्यावर मंडळाचा प्रमुख, म्हणजे मुख्य ड्रुइड, चढून उभा राहतो. पूर्वेला करारशिला आणि तिच्यापलीकडे प्रवेशाचे दोन दगड. त्यांतला एक उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाची दिशा दाखवतो, दुसरा हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या. विधी सूर्याच्या साक्षीने, उघड्यावर व्हायचे असतात. वेल्सचे आभाळ पाहता ही अट घालणारा माणूस बराच आशावादी असावा.

तो माणूस म्हणजे योलो मॉर्गानुग. खरे नाव एडवर्ड विल्यम्स (१७४७–१८२६), पेशाने पाथरवट. दम्यावर औषध म्हणून अफूचा अर्क घ्यायचा, आणि कल्पनाशक्तीला तो मानवला असावा. वेल्श भाषेचा आणि जुन्या हस्तलिखितांचा त्याचा व्यासंग अस्सल होता; पंचाईत एवढीच, की हस्तलिखितांत जे सापडले नाही ते तो स्वतः लिहून काढी. चौदाव्या शतकातल्या दाविद आप ग्विलिम या थोर कवीच्या नावावर त्याने खपवलेल्या कविता १७८९ च्या छापील संग्रहात सुखाने जाऊन बसल्या. लबाडी पुराव्यानिशी उघड करायला विसावे शतक आणि ग्रिफिथ जॉन विल्यम्स हे संशोधक लागले.

ड्रुइडांची, म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांची, परंपरा आपल्या ग्लॅमॉर्गन परगण्यात अखंड टिकली आहे, असे योलोचे म्हणणे. तिचा पहिला जाहीर विधी मात्र जून १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर झाला आणि त्याचे रिंगण मांडले होते खिशातून आणलेल्या खड्यांनी. आयुष्यभर दगड फोडणाऱ्याने ऐन वेळी एवढी काटकसर का करावी, कोण जाणे. १८१९ मध्ये कार्मार्थनच्या एका खानावळीच्या बागेत त्याने हा विधी आइस्टेद्वोदला जोडून दिला आणि तो जोडलेलाच राहिला.

थाटमाट नंतरचा. पांढरे, निळे आणि हिरवे झगे, मुख्य ड्रुइडाचा मुकुट आणि भली मोठी तलवार ही कामगिरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यूबर्ट फॉन हेर्कोमर या चित्रकाराने केली, जन्माने बव्हेरियाचा. तलवार म्यानातून कधीच पूर्ण बाहेर येत नाही. ती थोडीशी उपसून मुख्य ड्रुइड तीनदा विचारतो, शांतता आहे का? शांतता आहे, असे जमाव तिन्ही वेळा गर्जून सांगतो.

२००२ मध्ये कँटरबरीचे भावी आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी पांढरा झगा घालून गॉर्सेद मंडळात प्रवेश केला, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांना धर्म बुडाल्याची धास्ती पडली. ज्या प्राचीन मूर्तिपूजेची ही भीती होती, तिचे वय त्या वेळी दोनशे दहा वर्षे होते. योलो असता तर भरून पावला असता.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस दरवर्षी शिळा आणण्याचा खर्च डोईजड वाटू लागला. तेव्हापासून समारंभासाठी फायबरग्लासचे दगड वापरतात. महोत्सव संपला की ते उचलायचे आणि पुढच्या गावाला न्यायचे. बागांमधली जुनी रिंगणे जिथल्या तिथे आहेत.