नारिंगी सोवळं

पेट्रोलची गाडी विजेवर आणणाऱ्या एका भाऊंनी ३५० व्होल्टच्या बॅटरीला वेल्डिंगची केबल जोडली. "जाड आहे की!" आहेच. पण जाड तांबं अँपिअर पेलतं. व्होल्ट अडवतं ते वरचं आवरण, आणि साध्या वेल्डिंग केबलचं ते बहुधा १०० व्होल्टपुरतंच. हाय-व्होल्टेज केबल नारिंगी असते, एवढं मात्र भाऊंना पक्कं ठाऊक. चढवला वरून नारिंगी पाइप, झालं सोवळं! पण आतलं आवरण हरलं, की ठिणगी उडणारच. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, ठिणगीला विझायला सवड देते. बॅटरीच्या डीसीला असली उसंत माहीत नाही. ठिणगीची आर्क पेटली की पेटलेलीच. केबलवर व्होल्ट, तापमान सगळं छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात. भाऊंचा चष्मा फक्त बिल लिहिताना निघतो.