डोकं वाचवून अंघोळ : एक प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका लांबकेशी व्यक्तींसाठी आहे. सकाळी केस धुतले तर ते वाळायला जिला दुपार होते, ती लांबकेशी. ज्यांचे केस टॉवेलच्या दोन फटक्यांत आणि चहाच्या एका कपात वाळतात, ते सगळे आखूडकेशी. आखूडकेशींनी ही मार्गदर्शिका वाचायला हरकत नाही, मात्र वाचून झाल्यावर सल्ला देऊ नये. 'एवढा त्रास आहे तर धुऊन टाक ना एकदाचे!' हा सल्ला आमच्या घरात नेमाने दिला जातो. देणाऱ्या गृहस्थांच्या डोक्यावर आता धुण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

केस कसे धुवावेत हे इथे सांगितलेलं नाही. ते सांगायला टीव्हीवरच्या बायका अहोरात्र मान झटकत असतात. केस तसेच ठेवून बाकीची बाई कशी धुवावी, हा विषय मात्र सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला आहे.

कलम 1. कारण ठरवा

डोकं कोरडं का ठेवायचं हे अंघोळीला जाण्यापूर्वी ठरलेलं असावं. मान्यताप्राप्त कारणं तीन.

(अ) वेळ. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. या हिशोबाने कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. मुलगी बालवाडीत असताना उगवलेलं टोक, ती पाचवीत गेली तरी आईच्या पाठीवर आहे. एवढं टिकलेल्या केसाला रोज भिजवून, पिळून, पुसून छळू नये. ओला केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के पाणी पितो, फुगतो, ओढला तर कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय ओली वेणी घेऊन सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चढून बघा. मोकळी सोडली तर ती मागच्या बाईच्या तोंडावर. बांधली तर कुर्ला येईपर्यंत तिला कुबट वास. आणि कुर्त्याची ओली पाठ बघून ऑफिसात कुणीतरी आखूडकेशी विचारणारच, 'बाहेर पाऊस आहे का?'

(आ) वार. घरोघरी याची यादी वेगळी. आमच्याकडे सोमवारी केस धुवायचे नाहीत, गुरुवारी नाहीत, शनिवारी तर नाहीतच आणि मला भाऊ असल्यामुळे बुधवारीही नाहीत. एकादशी आणि अमावास्या यावर वेगळ्या. यादी सासूबाईंना तोंडपाठ आहे. कारण विचारलं तर 'आपल्यात नाही धूत' एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यावर अपील नाही.

पण एकदा शेंगा सोलता सोलता त्या जास्त बोलल्या. त्या गिरगावातल्या चाळीत वाढल्या. केस वाळवायचे तर गॅलरीत उभं राहावं लागे, आणि गॅलरी सगळ्यांची. त्यामुळे बाईचं ओलं डोकं हा मजल्याचा सूचनाफलक होता. भलत्या दिवशी केस ओले दिसले की लोक दोनच गोष्टी धरून चालत : एक तर ही मयताला जाऊन आली, नाहीतर हिचा आज चौथा दिवस. दोन्हींची बातमी तळमजल्यापर्यंत जाई. 'ठरल्या वारी न्हालं की कुणी काही विचारायचं नाही,' सासूबाई म्हणाल्या आणि शेंगांकडे वळल्या. तेव्हापासून मी त्या यादीशी वाद घालणं कमी केलं आहे. बंद केलेलं नाही.

(इ) पार्लर. केरॅटिन करून आल्यावर 72 तास केसांना पाणी लावायचं नाही. घाम येऊ द्यायचा नाही. रबर नाही, क्लिप नाही, बट कानामागे सारायची नाही. आजेसासूबाईंचं सोवळंही याहून सैल असेल. ही नियमावली मी घरात वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, 'आणि याचे पैसे कोण देतं? पार्लरवाली का तू?'

कलम 2. बुचडा

अंबाडा मानेवर शोभतो, पण अंघोळीत तो टाळूवरच हवा. खांद्यावरून मागे गेलेलं पाणी पहिल्यांदा मानेला भेटतं. आधी सैल वेणी घाला, मग ती गुंडाळा. मोकळे केस नुसते पिळून गुंडाळले की हमखास एक बट निसटते आणि तीच नेमकी साबणात लोळते. आकडे आणि पिना वापरू नका, टोपीला भोकं पडतात. कापडी रबर पुरे.

कलम 3. टोपी

शॉवर कॅप ही वस्तू मराठी घरात हॉटेलातून येते. लग्नाला किंवा सहलीला गेलेलं कुटुंब परतताना ती साबणाच्या वडीबरोबर बॅगेत टाकतं. नंतर ती बाथरूममध्ये शोधू नये. ती फ्रीजमध्ये असते, मळलेल्या कणकेवर. तिथून ती परत मागितल्यास 'मग कणकेवर काय घालू?' असा प्रतिप्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

तेव्हा स्वतःची टोपी विकत घ्यावी, आतून कापड लावलेली. नुसत्या प्लास्टिकच्या आत डोक्याला घाम सुटतो आणि बाहेरून वाचवलेले केस आतून भिजतात. कापडाची टोपी नसेल तर आधी जुना पंचा गुंडाळा आणि वर प्लास्टिक चढवा. इलॅस्टिक केस सुरू होतात त्या रेषेवर नको, बोटभर खाली कपाळावर यायला हवं. कान आत घ्या. याने कानामागचे केस वाचतात आणि 'अजून किती वेळ?' हेही नीटसं ऐकू येत नाही.

या अवस्थेत आरशात पाहू नये.

कलम 4. शॉवर

आपल्या इमारतींमधला शॉवर भिंतीत उंचावर, बरोबर टाळूच्या रोखाने बसवलेला असतो. तो तसा ठरवणारा बिल्डर, आखणारा आर्किटेक्ट आणि बसवणारा प्लंबर यांच्यापैकी एकाच्याही पाठीवर कधी वेणी नव्हती, असं माझं अनुमान आहे. डोकं सोडून अंग भिजवायची सोय या तिघांनाही सुचलेली नाही. हातात धरायचा शॉवर नंतर पदरच्या पैशाने लावून घ्यावा लागतो.

उंचावरचाच शॉवर नशिबी असेल तर त्याच्याकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभं राहावं, धार खांद्यांच्या मधोमध घ्यावी आणि मान ताठ ठेवावी. हनुवटी खाली गेली की मान उघडी पडते.

किंवा बादली घ्यावी. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 1172 या मानकात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरलं आहे. डोकं वगळलं तर एका बादलीत शहाण्या बाईचं व्यवस्थित भागतं. उरलेल्या पाण्याचं काय करायचं ते ब्युरोने आमच्या सोसायटीच्या टँकरवाल्याला विचारावं.

कलम 5. नॉब

या कलमाचं रोज पारायण करावं.

गीझरचं पाणी बादलीत सोडायचं की शॉवरला, हे ठरवणारा एक नॉब भिंतीवर असतो. प्लंबर त्याला डायव्हर्टर म्हणतो. तो फिरवल्याशिवाय फिरत नाही आणि आपण कुठे आहोत हे बाहेरून सांगतही नाही. शॉवर घेणारी व्यक्ती आपलं काम झालं की तोटी बंद करते, गाणं म्हणत बाहेर पडते आणि नॉब शॉवरवरच ठेवते. पुढची व्यक्ती बादली सरकवते, वाकते, तोटी सोडते. पाणी बादलीत येत नाही. ते वरून येतं, डोक्यावर येतं, आणि नळीत साचलेलं असल्यामुळे पहिलं पाणी गार असतं. सोमवार असतो. टोपी अजून खुंटीवर असते.

हे करणारी व्यक्ती प्रत्येक घरात एकच असते आणि ती कायम आखूडकेशी असते. तिला विचारलं तर 'मी नाही ठेवला' म्हणते. पुरावा दाखवला तर 'पाणीच आहे ना, ॲसिड तर नाही!' म्हणते. या व्यक्तीबरोबर इतकी वर्षं संसार केला. ती दुधाचा हिशोब ठेवते, विम्याचा हप्ता चुकू देत नाही, गॅसचा कॉक रात्री दोनदा बघते. नॉब मात्र तिला दिसत नाही.

उपाय : तोटी सोडण्याआधी नॉब डोळ्यांनी पाहा, हाताने फिरवून खात्री करा आणि तरीही तोटी सोडताना भिंतीला चिकटून उभ्या राहा.

कलम 6. तांब्या

हे कलम सासूबाईंच्या मार्गदर्शनाखाली लिहिलं आहे.

चाळीतली मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असे, पुढे साडीचा आडोसा आणि कठडा इतका बुटका की उभं राहायची सोयच नाही. पाणी पहाटे यायचं, जपून वापरायचं. मोरीत बसून, एका बादलीत, डोक्याला थेंब न लावता अंघोळ करणं ही तिथल्या बायकांची रोजची कामगिरी. टोपी नव्हती आणि लागतही नव्हती.

पद्धत अशी. पाटावर नाहीतर स्टुलावर बसावं. पाणी पायांपासून सुरू करून वर चढावं. खांद्यावर घेताना मान दुसऱ्या बाजूला कलती करावी आणि तांब्या कानाच्या वर कधीही जाऊ देऊ नये. पाठीवर घेताना पुढे वाकू नये. वाकलं की पाठ उतरती होते आणि पाणी सरळ मानेकडे धावतं. ताठ बसलं तर ते खालीच जातं. तोंड सगळ्यात शेवटी, ओंजळीने. आणि तांब्याच हवा, प्लास्टिकचा मग नको. मगातलं पाणी एकदम भदकन पडतं, तांब्याच्या काठावरून हवी तेवढीच धार सोडता येते.

सासूबाईंनी हे मला पूर्ण कपड्यांत, रिकामा तांब्या हातात घेऊन, हॉलमधल्या दिवाणावर बसून करून दाखवलं. एकेकाळी त्यांची वेणी गुडघ्याला टेकायची म्हणतात. आता लिंबाएवढा अंबाडा आहे. पण तांब्या खांद्यावर येताच मान आपोआप कलली. शॉवरवाल्या बाथरूममध्येही त्या अजून स्टूल टाकूनच बसतात आणि कोरड्या डोक्याने बाहेर येतात.

कलम 7. वाफ

थेंबही न लागता केस बिघडू शकतात. केसाचा आकार धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की नव्याने जुळतात. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. इस्त्री करून सरळ केलेले केस कढत पाण्याच्या वाफेत याच कारणाने पुन्हा कुरळायला लागतात. खिडकी उघडी ठेवा, पंखा असेल तर लावा, पाणी कोमट घ्या. तुमच्या आधी कुणी अर्धा तास कढत शॉवर घेऊन आरसा घामाघूम करून गेलं असेल तर कलम 5 मधलीच व्यक्ती समजावी.

कलम 8. साबण डोळ्यात गेल्यास

डोळे मिटून तोटी चाचपडू नये. कलम 5 पाहा.

कलम 9. टोपी काढणे

निम्म्या बायका इथे हरतात. अंघोळ निर्विघ्न होते आणि टोपी ओढताना तिच्यावरचं सगळं पाणी केसांत जातं. आधी मान, कपाळ आणि टोपीची वरची बाजू पुसून घ्या. मग पुढे वाकून टोपी मागून पुढे काढा, पाणी जमिनीवर पडेल. टोपी उलटी करून वाळत घाला, नाहीतर आत बुरशी धरते. फ्रीजपासून लांब वाळत घाला.

कलम 10. अपवाद

नरकचतुर्दशीला वरची सगळी कलमं स्थगित. त्या दिवशी डोक्यावरूनच. आदल्या रात्री सासूबाई खोबरेल कोमट करतात आणि मला पुढ्यात बसवतात. मी पन्नाशीला आले याचा त्यांच्या बोटांवर काही परिणाम झालेला नाही, टाळू अजून पूर्वीइतकीच बडवली जाते. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल धुण्याआधी लावलं तर केसांतून धुण्यात जाणारी प्रथिनं कमी करतं. सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांना ते जमलं नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे खरं. सासूबाई काही विकत नाहीत आणि त्यांचंही मत तेच आहे.

पहाटे गीझरचा पहिला मान मात्र आखूडकेशींनाच. ते पाच मिनिटांत उरकून, कारीट फोडून, चिवड्याच्या डब्यापाशी उभे.

कलम 11. तरीही डोकं भिजल्यास

घाबरू नये. अर्धवट ओलं ठेवू नये, वरचे केस वाळतात आणि आतले संध्याकाळपर्यंत गार राहतात. भिजलंच आहे तर सरळ धुऊन टाका. जाड टॉवेलने घासू नका, पंचा गुंडाळून पाणी टिपू द्या. बारीक फणी लावू नका, रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवत वर या. पुरतं वाळल्याशिवाय बांधू नका. लोकल चुकली तर चुकली.

चौकशांची तयारी ठेवा. मागे एका गुरुवारी माझं ओलं डोकं बघून शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, 'आज कसं काय न्हालात हो? गुरुवारी?' मी तोंड उघडणार तोच मागून सासूबाईंचा आवाज आला, 'आमच्या चिरंजीवांनी नॉब वर ठेवला होता. वार त्यांना विचारा!'

वापरायला हे उत्तर सर्वांना खुलं आहे. नॉब कुठेही असला तरी.