मेल्यावर पंधरा लाख

दरवर्षी जानेवारीत दावोसच्या बैठकीआधी जागतिक आर्थिक मंच जगापुढच्या धोक्यांची क्रमवारी लावतो. 2025च्या अहवालासाठी नऊशेहून जास्त जाणकारांना विचारलं होतं. येत्या दोन वर्षांतला सगळ्यांत मोठा धोका खोटी माहिती, असं त्यांनी सांगितलं. दहा वर्षांचा हिशेब धरला तर बेभान हवामान. मला ही क्रमवारी मान्य आहे. पण क्रमांक लावणारे एका जागी बसलेत आणि झळ सोसणारे भलत्याच जागी, हे मला सलतं.

उत्तर प्रदेशाचंच बघा. लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान 1 जून 2024ला झालं. दुसऱ्या दिवशी उत्तर प्रदेशचे मुख्य निवडणूक अधिकारी नवदीप रिणवा यांनी आकडा जाहीर केला. त्या टप्प्यात उन्हाच्या तडाख्याने 33 निवडणूक कर्मचारी दगावले होते. होमगार्ड होते, सफाई कामगार होते. प्रत्येकाच्या घरच्यांना 15 लाख रुपये मिळणार होते. मतदानाची तारीख 16 मार्चला ठरली होती. पूर्व उत्तर प्रदेशात 1 जूनला लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहते, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हातात अडीच महिने होते. एवढ्यात सावलीला मांडव, पाणी आणि पाळ्या यांची सोय झाली नसती का? 33 माणसं गेल्यावर या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं.

आपण मराठी माणसांनी उत्तर प्रदेशाकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. 16 एप्रिल 2023ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात बसली आणि 14 जण गेले. जवळच्या केंद्रावर पारा होता 38च्या घरात. किनाऱ्यावर एवढाही पुरतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. मंडप घालायला पुरस्काराच्या खर्चातले किती पैसे लागले असते?

आता सरकारची यादी बघू. राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत 2024च्या उन्हाळ्यात 12 नावं होती. भूकंप, पूर, त्सुनामी, हिमस्खलन, गारपीट, टोळधाडीसारखा कीटकांचा हल्ला, सगळं होतं. थंडीची लाटही होती. उन्हाची लाट नव्हती. यादी वाढवायची मागणी पंधराव्या वित्त आयोगापुढे गेली आणि त्याने ती गरज मानली नाही. राज्यांना स्वतःची आपत्ती ठरवायची मुभा आहे, पण तिच्यासाठी आपत्ती निधीतला दहा टक्क्यांपर्यंतचाच पैसा वापरता येतो. उत्तर प्रदेशाने लूला स्वतःच्या यादीत घेतलं, हे त्या राज्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण तिथेही पैसा हातात येतो तो माणूस उन्हानेच मेला हे कागदावर सिद्ध झाल्यावर.

आणि जी मरत नाही, नुसती झिजते, तिचं काय?

लखनौची चिकनकारी म्हणजे बहुतेक घराघरांतल्या बायकांचं काम. छापेवाला धुऊन जाणाऱ्या निळीने कापडावर नक्षी उठवतो. मग ते कापड मध्यस्थाच्या हातून बाईच्या घरी येतं. ती दाराशी, उजेडाला बसून बखिया, फंदा, मुर्री, जाली काढते. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा टाका, तो धागा गुंडाळून जागच्या जागी बसवायचा. बोटं घामेजली की सुई सरकते, पांढऱ्या मलमलीवर डाग पडतो आणि डाग पडला की मजुरी कापली जाते. मजुरी नगावर, म्हणजे मेच्या दुपारी जेवढी बोटं थांबली तेवढा पैसा गेला. तिला मालक नाही, हजेरीपट नाही, कारखाना नाही. कामाच्या जागी पंखा हवा, पाणी हवं, असं कुणाकडे मागायचं? उन्हाने तिचे किती तास खाल्ले, ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. माझ्या मते अर्थव्यवस्थेपुढचा धोका म्हणतात तो हाच, आणि तो दर उन्हाळ्यात तिच्या दाराशी येऊन बसतो.

उपाय सापडलेला आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने 2024मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे 50 हजार कष्टकरी बायकांसाठी उन्हाचा विमा चालवला. त्यात तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की बाईच्या खात्यात 400 रुपये जमा होत. डॉक्टरचा दाखला नको, पंचनामा नको, मरण तर नकोच. 400 रुपयांत आठवडा निघत नाही, मान्य. पण त्या दुपारी सुई खाली ठेवायची मुभा मिळते. मला यातली दिशा पटते, कारण इथे पैसा जिवंत माणसाला मिळतो, आणि वेळेवर मिळतो.

लखनौला हे नवं वाटायचं कारण नाही. 1784च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला याने बडा इमामबाडा बांधायला काढला, तो हजारो उपाशी माणसांच्या हाताला काम देण्यासाठी. घरंदाज मंडळींना चारचौघांत मजुरी करायची लाज वाटू नये म्हणून त्यांना रात्रीचं काम दिलं, अशी कथा शहरात आजही सांगतात. कथा खरी-खोटी कशीही असो, वाईट हंगामात रयतेच्या घरी मजुरी पोचली पाहिजे, ही जाण त्या राज्यकर्त्याला होती.

मागणी अगदी साधी आहे. केंद्राने उन्हाच्या लाटेला राष्ट्रीय यादीत पक्की जागा द्यावी. लखनौत आणि नागपुरातही घरबसल्या काम करणाऱ्या बायकांची नोंद वॉर्डावॉर्डात व्हावी आणि ‘सेवा’सारखा विमा सरकारने स्वतःच्या पैशाने चालवावा. जाहीर सभा, पुरस्कार, मतदान, काहीही असो, एप्रिल ते जून दुपारी बारा ते चार उघड्यावर माणसं बसवायला बंदी हवी. पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडतील, तेव्हा मी त्यात हीच तीन कलमं शोधणार आहे. तुम्हीही शोधा, आणि दिसली नाहीत तर आपापल्या आमदाराला गाठून विचारा.