तीन मजली चहा

इंग्रजांच्या आफ्टरनून टीमध्ये, म्हणजे दुपारच्या चहात, चहाचा वाटा सगळ्यांत कमी असतो. कडा कापलेली सँडविच, स्कोन, केक आणि किटलीभर चहा असा तो ऐवज असून तो रीतसर संपवायला दीड-दोन तास लागतात. मराठी प्रवाशाची पहिली गल्लत इथेच होते. नावात चहा आहे म्हणून तो दीड वाजता भरपेट जेवतो, साडेतीनला हॉटेलात पोचतो आणि समोर तीन मजली स्टँड आला की पोट वाचवावे की पैसे, या पेचात सापडतो. पैसे आधीच भरलेले असल्याने शेवटी पोट हरते.

हा चहा म्हणजे हाय टी नव्हे. भारतातल्या मोठ्या हॉटेलांनी थाटाच्या चहाला ते नाव देऊन टाकले असले, तरी मूळ हाय टी हे गिरणी-कारखान्यातून दमून आलेल्या कामगाराचे संध्याकाळचे जेवण होते: मांस, बटाटे, पाव आणि कडक चहा. कामगार जेवणाच्या उंच टेबलाशी बसे, तर उमराव घराण्यातल्या बायका दिवाणखान्यातल्या बुटक्या टेबलांशी. तिसरा प्रकार क्रीम टी. त्यात स्कोन, जॅम, दाट साय आणि चहा एवढेच असते. डेव्हन आणि कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडच्या परगण्यांत तो गावोगाव मिळतो आणि खिशालाही झेपतो.

चहा इंग्लंडात सतराव्या शतकात आला. सॅम्युएल पेपिसने १६६० साली आपल्या रोजनिशीत चहा मागवल्याची नोंद केली आहे. दरबारी प्रतिष्ठा मात्र त्याला मिळाली ती १६६२ मध्ये, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून आली तेव्हा. कॅथरीनने येताना चहाची सवय आणली आणि आंदणात मुंबई. चहा दरबाराला मानवला. मुंबईचे काय करावे हे राजाला सुचेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पाउंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

दुपारी चहाला बसण्याच्या रिवाजाचे श्रेय बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिला देतात. १८४०च्या सुमारास बड्या घरांतले रात्रीचे जेवण आठच्या पुढे सरकले होते आणि दुपारचे नावापुरतेच उरले होते. चारच्या सुमाराला डचेसबाईंच्या पोटात कावळे ओरडू लागत. त्यांनी चहा, पाव-लोणी आणि केक आपल्या खोलीत मागवायला सुरुवात केली आणि पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागल्या. एकटीने खाल्ले तर खादाडी आणि चारचौघींत खाल्ले तर संस्कृती, हे बाईंनी वेळीच ओळखले. योगायोगाने माल पुरवायची सोयही तेव्हाच झाली होती. १८३९च्या जानेवारीत आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात विकला गेला.

आज या चहाची मोठी ठिकाणे ठरलेली आहेत. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर १७०७ साली निघालेले फोर्टनम अँड मेसन हे दुकान आहे आणि त्याच रस्त्यावर १९०६ साली उघडलेले रिट्झ हॉटेल. उत्तरेला, यॉर्कशरमधल्या हॅरोगेटला १९१९ पासूनचे बेटीज आहे. इंग्रजीपणाचे माहेरघर समजले जाणारे हे बेटीज स्थापन केले एका स्विस माणसाने, पण याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण केक चांगले असतात.

जागा आधी राखून ठेवावी लागते. सुट्टीच्या दिवसांत तर काही आठवडे आधी. रिट्झमध्ये चहाची पहिली पंगत सकाळी साडेअकराला बसते आणि शेवटची संध्याकाळी साडेसातला. इंग्रजी दुपार एवढी लांब असते हे प्रवाशाने ध्यानात ठेवावे. तिथे पुरुषांना कोट आणि टाय सक्तीचे आहेत. जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. विमानप्रवासासाठी खास घेतलेले पांढरे बूट घालून लंडन पालथे घालणाऱ्यांची इथे पंचाईत होते. दर माणशी ७० पाउंडांच्या पुढे आहे. म्हणजे अख्ख्या मुंबईपोटी कंपनीने सात वर्षांत जेवढे भाडे भरले, तेवढ्यात आज तिथे एका माणसाचा चहाही होत नाही.

शाकाहारी मंडळींनी जागा राखतानाच तसे कळवावे. मोठ्या ठिकाणी शाकाहारी थाट वेगळा मिळतो, पण इंग्रजी शाकाहारात अंडे बिनदिक्कत बसते. ते चालत नसेल तर तेही स्वतंत्रपणे सांगावे लागते. टेबलाशी बसल्यावर ‘यात अंडे आहे का?’ असे एकेका केककडे बोट दाखवून विचारत गेल्यास अर्धा तास जातो आणि बहुतेक उत्तरे ‘हो’ अशीच येतात.

बसल्यावर आधी चहांची यादी येते. आसाम कडक असतो आणि त्याला दूध मानवते. दार्जिलिंग हलका, तो शक्यतो दुधाशिवाय घेतात. अर्ल ग्रे या चहाला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास असतो. लिंबू आणि दूध एकाच कपात घालू नये. दूध फाटते आणि ते शेजारच्या टेबलावरूनही दिसते. इथे चहा उकळत नाहीत, किटलीतल्या पत्तीवर उकळते पाणी ओततात. आले आणि गवती चहा यांची चौकशी करण्यात अर्थ नाही.

कपात दूध आधी की चहा आधी, यावर या देशात एकमत नाही. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली उत्तम चहाचे अकरा नियम सांगितले आणि चहा आधी ओतावा असा निकाल दिला. २००३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने दूध आधी घालावे असे सांगितले, कारण गरम चहात थेंबथेंब पडणाऱ्या दुधातली प्रथिने जास्त तापून बिघडतात. चव तपासणाऱ्यांसाठी चहा कसा करावा याचे सरकारमान्य ब्रिटिश मानकही आहे: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे धीर. १९९९ मध्ये या मानकाला विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले, तेही साहित्याचे. प्रवाशाने यात कोणाचीही बाजू घेऊ नये. शेजारी काय करतो ते पाहून तसेच करावे.

मग स्टँड येतो. तळाच्या मजल्यावर सँडविच, मधल्यावर स्कोन आणि माथ्यावर केक-पेस्ट्री अशी नेहमीची मांडणी असते आणि खालून वर चढायचे असते. काकडीचे सँडविच यातले सर्वांत मानाचे. कडा कापलेला, बोटभर रुंदीचा मऊ पाव, लोण्याचा पातळ हात आणि काकडीच्या पलीकडचे दिसेल इतक्या झिरझिरीत चकत्या. हिरवी चटणी नाही, दाण्याचे कूट नाही, मिरची तर नाहीच. दोन घासांत ते संपते आणि आपण नक्की काय खाल्ले, असा प्रश्न मागे ठेवून जाते. शेजारी अंड्याचे, धुरावलेल्या सामन माशाचे आणि कॉरोनेशन चिकनचेही असते. हे शेवटचे १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी तयार झाले. त्यात करी पावडर असते. ती शोधावी लागते, पण असते.

मधल्या मजल्यावर खरा संग्राम आहे. स्कोन हा खुसखुशीत, जाडजूड, बैठा पावच. तो सुरीने कापू नये. त्याच्या कमरेला एक नैसर्गिक भेग असते, तिथे दोन्ही हातांनी हलकेच पिरगाळले की तो आडवा उलगडतो आणि आतून वाफ येते. त्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम लावायचे. क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवून सावकाश निववलेल्या दुधाच्या क्रीमची घट्ट साय. कॉर्नवॉलच्या सायीत निदान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. डेव्हनमध्ये आधी साय आणि वर जॅम, तर कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर साय. २०१८ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या कॉर्नवॉलमधल्या एका वास्तूने जाहिरातीत साय खाली असलेला स्कोन छापला, तेव्हा संतापाची लाट उसळून जाहीर माफी मागावी लागली. जॅम-साय लावलेले दोन भाग पुन्हा एकमेकांवर चिकटवू नयेत. त्यावर मात्र दोन्ही परगण्यांचे एकमत आहे.

सँडविच आणि स्कोन बहुतेक मोठ्या हॉटेलांत मागाल तितके मिळतात. ही बातमी वाढपी हळू आवाजात आणि एकदाच सांगतो. मराठी पंक्तीतला ‘अहो, घ्या हो’ असा आग्रह येईल म्हणून संकोचाने बसून राहणारा पाहुणा तसाच बसून राहतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पेस्ट्र्या मोजक्या असतात. त्या उरल्या तर डब्यात बांधून मागाव्यात. याला कोणी हसत नाही.

रीतिभाती थोड्या आहेत. चमचा कपात गरगर फिरवायचा नाही, कडेला न आपटता पुढेमागे हलवायचा आणि बशीत ठेवायचा. करंगळी उंचावायची नाही. ती सिनेमातल्या इंग्रजांची सवय आहे. चहा बशीत ओतून भुरके मारायचे नाहीत. एके काळी इंग्रजही बशीतून चहा पीत, पण हा इतिहास वाढप्याला ऐकवण्याची ती जागा नव्हे. शेवटी बिल नीट वाचावे. लंडनमध्ये सेवाशुल्क अनेकदा आधीच जोडलेले असते. ते न पाहता वर बक्षिशी ठेवणारे प्रवासी वाढप्यांच्या विशेष लाडके असतात.

ज्याला निव्वळ चहाची तलफ आली आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. कोपऱ्यावरच्या साध्या कॅफेत बिल्डर्स टी मिळतो: मगभर, कडक, दूध घातलेला, हवी तेवढी साखर घालून घ्यावा असा. मराठी जिभेला तोच जवळचा वाटतो आणि त्याला टायही लागत नाही. थाटाचा दुपारचा चहा हा बसून खाण्याचा सोहळा आहे. तो एकदा जरूर करावा, उपाशीपोटी करावा आणि त्या रात्री कोणाकडेही जेवायचे आमंत्रण घेऊ नये.