अक्कलदाढेचे वर्ष

बारावी आणि बीडीएस यांच्यामध्ये आलेल्या रिकाम्या वर्षाला बेलपाड्यात ‘ड्रॉप’ म्हणतात. नीटमध्ये गुण पडतात कमी, पण घरचे सांगतात, “त्याने ड्रॉप घेतलाय.” परीक्षेला बसण्याचे किमान वय 17 वर्षे आणि अक्कलदाढ येण्याचे वय साधारण 17 ते 25. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास उगवतात आणि दोन्हींना पहिल्या खेपेस सरळ जागा मिळतेच असे नाही.

या वर्षात कामाचा कोणता अनुभव घ्यावा, हा प्रश्न परदेशात फार गंभीर मानतात. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाच्या मुलाखतीत दवाखान्यात काय पाहिले, हे विचारले जाते. कॅनडाच्या प्रवेशपरीक्षेत पूर्वी साबणाची वडी कोरून दाखवावी लागे. आपल्याकडे साबणाचा उपयोग हात धुऊन नीटच्या मागे लागण्यापुरता. 720 गुणांत अनुभवाला एकही गुण नाही. तरीही अनुभव घ्यावा, कारण अभ्यासक्रमाची चार आणि इंटर्नशिपचे एक अशी पाच वर्षे आणि पुढचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या तोंडात डोकावणे झेपते का, हे भौतिकशास्त्राचा पेपर सांगत नाही.

बेलपाडा हे खारघरच्या तोंडावरचे गाव. खारघर, सीबीडी बेलापूर, कामोठे आणि नेरूळ, सगळीकडे डेंटल कॉलेजे. 17 नोव्हेंबर 2023 पासून गावाच्या नावाचे मेट्रो स्टेशनही आहे. सोसायट्यांच्या तळमजल्यावर मेडिकलच्या शेजारी दाताचा दवाखाना नसेल, तर तो लवकरच उघडणार असतो.

दवाखान्यातले काम सर्वात जवळचे. अपॉइंटमेंटची वही सांभाळणे, लाळ ओढणारी नळी धरणे, हत्यारे घासून ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर निर्जंतुक करणे आणि बाहेर बसलेल्यांना “दोनच मिनिटं” सांगणे. यांतले शेवटचे कौशल्य सर्वात अवघड, कारण ती दोन मिनिटे अर्धा तास चालतात. मिश्रीने काळवंडलेले दात इथे दिसतात. राज्यात 2012 पासून बंदी असलेला गुटखाही दातांवर नियमित हजेरी लावतो. आ केलेल्या तोंडाच्या वासाने ज्याला जेवण जात नाही, त्याने पहिल्याच आठवड्यात इंजिनीअरिंगचा विचार करावा. वर्ष वाया गेले असे त्याला कोणी म्हणू नये.

एक पथ्य मात्र पाळायचे. नोंदणी नसलेल्याने दातांचे उपचार करायचे नसतात, असे कायदा सांगतो. शेजारच्या काकूंनी “बघ रे, ही दाढ हलते का” म्हणून जिन्यातच आ केला, तरी हात खिशात ठेवावा.

ज्याला माणसांपेक्षा वस्तू बऱ्या वाटतात, त्याने डेंटल लॅब गाठावी. तिथे कवळ्या आणि कॅप बनतात, आणि प्लास्टरचा दात आ करत नाही की ओरडत नाही. पण हाताला वळण लावायचे तर पेणला तोड नाही. जिल्हा तोच, रायगड. आणि तिथल्या गणपतीच्या कारखान्यातले प्लास्टर ऑफ पॅरिस हे दातांच्या साच्यातल्या प्लास्टरचे सख्खे भावंड. नीटचा निकाल बहुधा जूनमध्ये लागतो आणि गणपती येतात भाद्रपदात; म्हणजे ड्रॉपची सुरुवात आणि पेणची घाई एकाच वेळी. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी नवख्याला कोणी देणार नाही, पण सांधे घासून गुळगुळीत करायला मिळाले तरी पुरे. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना हा हात कामी येतो.

कुठेही गेले तरी अर्धा दिवसच द्यावा. उरलेला जीवशास्त्राच्या 90 प्रश्नांचा. आणि पगाराची फार अपेक्षा धरू नये. काही डॉक्टर चहा देतात, वर “साखर कमी” असा सल्लाही.

पुढे प्रवेश मिळाला की बारावीनंतरच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपण त्या काळात दुसऱ्या कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेतला नव्हता, असे त्यात लिहायचे असते. पेणच्या गणपतींसाठी त्यात रकाना नाही.