फक्त फॅमिली, म्हातारे सोडून

श्री. घरमालक साहेब,
मु. पो. अंबाजोगाई, जि. बीड
यांसी,

आपल्या फाटकावरची पाटी वाचून मी आणि माझी बायको मागं आपल्या दारी आलो होतो. ‘दोन रूम, किचन भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली.’ लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, म्हणून आम्ही स्वतःला फॅमिली समजत होतो. आपण हा गैरसमज उंबऱ्यावरच दूर केलात, त्याबद्दल प्रथम आभार.

‘काका, वय काय तुमचं?’ शहात्तर. ‘मुलं कुठंयत?’ पुण्यात. ‘मग तिकडंच जावा की, इथं कशाला हाल करून घेता?’ आणि मग आवाज खाली आणून म्हणालात, ‘उद्या काही बरंवाईट झालं तर वास्तूला नाव पडतं हो.’ मी भारावलो. आमच्या मरणाचा इतका बारीक विचार एलआयसीच्या एजंटानंही केला नव्हता.

तरी आपलं मन मोठं. गच्चीवरची पत्र्याची खोली दाखवलीत. वर जायला गोल लोखंडी जिना, एका बाजूला कठडा नाही, संडास खाली. हिनं चौथ्या पायरीवर गुडघा धरला तेव्हा आपण ‘सवय होते’ असा धीरही दिलात. वर बरंवाईट झालेलं वास्तूला चालतं का, एवढं विचारायचं राहून गेलं.

आम्ही अंबाजोगाईतच का येतो, हा आपला प्रश्न रास्त आहे. हिचा इलाज स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात चालू आहे. सरकारनं २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट केली, पुढच्या वर्षी बायकांना अर्धं तिकीट केलं. म्हणजे दवाखान्यापर्यंत येण्याची सोय चोख आहे. उतरल्यावर राहायचं कुठं, ते आपल्या हाती.

पैशाचंही ऐका. साखर कारखान्याच्या काट्यावर माझी हयात गेली. ईपीएस ९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. माझी त्याहून जरा बरी. बटईनं दिलेल्या दोन एकरांचं आणि मुलगा पाठवतो ते धरून चार हजार भाडं आम्ही एक तारखेला देऊ शकतो. ते ऐकायला आपल्याला सवड नव्हती.

आता कळलं, खालच्या खोल्या आपण कॉट बेसिसवर पोरांना दिल्यात. पाटीवरची फॅमिली ती हीच. हिशेब पक्का आहे: खोली तीच, भाडं माणशी. करार म्हणाल तर पाचशेच्या बाँडवर नोटरी, अकरा महिने, विषय संपला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. आणि नोंदणी करून घेणं मालकाचं काम. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आपल्याला एवढंही परवडत नसेल, तर हाल कुणाचे चाललेत हे मला कळेनासं झालंय.

‘म्हातारे शिरले की निघत नाहीत, जागेवर हक्क सांगतात,’ ही भीती आपण शेजाऱ्याला बोलून दाखवलीत म्हणे. त्याच कायद्याचं कलम २४ आपल्यासाठीच आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम अधिकारी जागा रिकामी करून देतो आणि तोवर दुप्पट भाडं लागतं. गुडघे धरून चालणारी बाई आपला वाडा बळकावील, ही कल्पनाशक्ती थोर आहे.

निघताना आपण वृद्धाश्रमाचा सल्ला दिलात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे जणांचा वृद्धाश्रम सांगितलाय. पण तो निराधारांसाठी. पैसेवाल्या ज्येष्ठांसाठी पुण्यात ‘अथश्री’सारखे प्रकल्प आहेत. आम्ही निराधारही नाही आणि पैसेवालेही नाही. भाडं देऊन राहणारे दोघं आहोत, आणि नेमकी आमचीच जागा या जिल्ह्यात कुणी बांधत नाही, असलेली देत नाही.

तेव्हा साहेब, पाटीत एक ओळ वाढवा: ‘साठीच्या पुढचे नकोत.’ निदान आमची पायपीट तरी वाचेल.

आणि हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मालकाला विनंती: तळमजल्यावर दोन खोल्या, कमोड असलेला संडास आणि चार हजारांच्या आत भाडं असेल, तर कळवा. करार नोंदणीकृत करू, निम्मा खर्च आमचा.

आपला,
नाकारलेला भाडेकरू